हृदयातली गाठ विरली, तरी फाइल बंद करू नका

बाळाच्या हृदयात गाठ आहे, हे आई-वडिलांना कळतं ते बहुतेकदा गरोदरपणातल्या सोनोग्राफीत, नाहीतर सर्दी-खोकल्यासाठी दाखवायला नेलेल्या तान्ह्याच्या छातीत डॉक्टरांना वेगळा आवाज ऐकू आल्यावर झालेल्या टूडी इकोत. त्यानंतर वाचक जे विचारतात ते प्रश्न जवळजवळ ठरलेले आहेत. हा कॅन्सर आहे का? ऑपरेशन कधी? डॉक्टर ‘थांबू या’ म्हणतात, म्हणजे त्यांनी आशा सोडली का? आणि दोन-तीन वर्षं उलटल्यावर येणारा प्रश्न: गाठ गेली असं इकोत आलं, आता दवाखान्यात कशाला जायचं?

या शेवटच्या प्रश्नासाठी हा लेख मुख्यतः लिहिला आहे. लहान मुलांच्या हृदयातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात आणि त्यांतली सर्वांत जास्त आढळणारी गाठ आपोआप लहान होते. ही बातमी चांगली आहे आणि ती खरी आहे. पण ती ऐकून तपासण्या थांबवल्या, तर त्याच मुलाला पुढे होऊ शकणारं, आणि वेळेवर पकडलं तर बऱ्याच अंशी आवरता येणारं नुकसान हातातून निसटतं.

आधी गाठीचं नाव विचारून घ्या

‘हृदयात गाठ’ हे निदान अर्धवट आहे. पुढची तपासणी किती वेळा, शस्त्रक्रिया हवी की नको, घरातल्या इतरांना तपासायचं का, हे सगळं गाठीच्या जातीवर ठरतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: ही कोणत्या प्रकारची गाठ वाटते, आणि कशावरून? बहुतेक वेळा इको, गाठींची संख्या, जागा आणि मुलाचं वय यांवरून अंदाज करता येतो. शंका असेल तर हृदयाचा एमआरआय करतात. दरवेळी तुकडा काढून तपासावाच लागतो असं नाही.

- ऱ्हॅबडोमायोमा: मुलांत सर्वांत जास्त आढळणारी गाठ. बहुधा एकापेक्षा जास्त असतात, गर्भात किंवा पहिल्या वर्षात दिसतात, आणि जन्मानंतर लहान होत जातात.
- फायब्रोमा: सहसा एकच, जवनिकेच्या म्हणजे खालच्या कप्प्याच्या भिंतीत किंवा दोन जवनिकांमधल्या पडद्यात रुतलेली. ही आपोआप विरत नाही.
- मिक्सोमा: थोड्या मोठ्या मुलांत, बहुतेकदा डाव्या अलिंदात, देठावर लोंबकळणारी. तिचा तुकडा सुटून मेंदूकडे जाऊ शकतो, म्हणून ती काढावीच लागते.
- टेराटोमा: हृदयाच्या आवरणात वाढणारी, भोवती पाणी साचवणारी. वेळेत काढली तर मूल सहसा बरं होतं.
- कॅन्सरच्या गाठी: मुलांच्या हृदयातल्या मूळ गाठींपैकी साधारण दहांत एक किंवा त्याहूनही कमी.

‘थांबू या’ हा सुद्धा उपचाराचा निर्णय आहे

ऱ्हॅबडोमायोमा असलेल्या, पण नीट दूध पिणाऱ्या आणि वजन वाढणाऱ्या बाळाचं ऑपरेशन करू नये, हेच योग्य. गाठ गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत वाढू शकते आणि जन्मानंतर पहिल्या काही वर्षांत आक्रसते. मोठ्या गाठीसुद्धा कमी होतात. शस्त्रक्रियेचा विचार होतो तो गाठ रक्ताच्या वाटेत आडवी येत असेल, झडप नीट उघडू-मिटू देत नसेल किंवा ठोक्यांची गडबड औषधांना जुमानत नसेल, तेव्हा. अशा वेळीही अनेकदा सगळी गाठ न काढता वाट मोकळी होईल इतकीच काढतात, कारण राहिलेला भाग पुढे विरणार असतो.

तेव्हा डॉक्टर ‘थांबू या’ म्हणाले, तर त्यांच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: पुढचा इको कधी, काय दिसलं तर त्याआधी यायचं, आणि रात्री-अपरात्री कुठे जायचं. या तीन गोष्टींशिवाय नुसतं ‘थांबू या’ ऐकून घरी येऊ नका.

पहिल्या वर्षात इको किती वेळा, हे गाठ कुठे आहे त्यावर ठरतं. वाटेजवळ असेल तर काही आठवड्यांनी, भिंतीत निवांत असेल तर काही महिन्यांनी. बाळाला त्रास नसेल, तर पुढे गाठी विरल्याची खात्री होईपर्यंत दर एक ते तीन वर्षांनी इको, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचा सल्ला आहे. शक्यतो एकाच ठिकाणी इको करा. वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळ्या माणसांनी घेतलेल्या मापांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि ‘गाठ वाढली’ म्हणून घरात विनाकारण रडारड होते. रिपोर्टमध्ये प्रत्येक मोठ्या गाठीचं माप, जागा आणि रक्ताला अडथळा आहे की नाही, हे लिहिलंय ना, ते खोलीबाहेर पडण्याआधी पाहून घ्या.

इकोइतकाच ईसीजी महत्त्वाचा आहे, आणि तोच जास्त वेळा राहून जातो. या गाठी असलेल्या काही मुलांच्या हृदयात विजेचा एक जादा रस्ता असतो; रिपोर्टवर त्याला ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ म्हणतात. त्यामुळे ठोके अचानक भरधाव पळतात. गाठ दिसेनाशी झाल्यावरही हा दोष उरू शकतो. मुलाला तो असेल तर कोणत्याही नव्या डॉक्टरला हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण धडधडीवर एरवी दिली जाणारी काही औषधं अशा मुलाला घातक ठरू शकतात.

या लक्षणांना उद्यावर ढकलू नका

- दूध ओढताना बाळ थांबून थांबून धापा टाकतं, कपाळावर घाम फुटतो, वजन वाढत नाही
- ओठ, जीभ निळसर पडणं. हात-पाय गार आणि फिकट
- झोपेतही श्वास भरभर, बरगड्यांखाली खळगे पडणं
- छातीवर हात ठेवल्यावर ठोके मोजता येणार नाहीत इतके जलद
- खेळताना, पळताना एकदम कोसळणं किंवा शुद्ध हरपणं
- अचानक एक बाजू लुळी पडणं, बोलणं अडखळणं

यातल्या पाचव्या लक्षणाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पळता पळता पडलेल्या मुलाला घरात आणि कधी कधी दवाखान्यातही ‘फिट आली’ म्हटलं जातं आणि फिटची औषधं सुरू होतात. हृदयात गाठ असलेल्या मुलाच्या बाबतीत ती ठोक्यांची जीवघेणी गडबड असू शकते. म्हणून त्याच दिवशी ईसीजी आणि त्यानंतर २४ तासांचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सलग नोंद, करून मागा.

हृदय सुधारतं, तेव्हा मेंदूकडे पाहायचं असतं

ऱ्हॅबडोमायोमा असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना, आणि गाठी अनेक असतील तर बहुतेकांना, ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा जनुकीय आजार असतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या टीएससी-१ किंवा टीएससी-२ या जनुकांपैकी एकात दोष असतो, त्यामुळे हृदय, मेंदू, त्वचा, मूत्रपिंड, डोळे अशा ठिकाणी कॅन्सर नसलेल्या गाठी होतात. हृदयातल्या गाठी सर्वांत आधी दिसतात आणि सर्वांत आधी जातात. मेंदूचा त्रास नेमका त्याच सुमारास सुरू होतो. हृदयाचे डॉक्टर ‘आता छान आहे’ म्हणतात तेव्हा ते हृदयापुरतं बोलत असतात. घरी मात्र ते वाक्य सगळ्या मुलाबद्दल ऐकलं जातं.

सर्वांत आधी ओळखायचे ते तान्हेपणातले झटके. ते साधारण तीन ते आठ महिन्यांच्या सुमारास सुरू होतात आणि ओळखायला फसवे असतात. बाळ झोपेतून उठतं आणि मान-कंबर एकदम पुढे वाकवतं, दोन्ही हात पसरतं किंवा छातीशी ओढतं, क्षण-दोन क्षणांत सैल पडतं. काही सेकंदांनी पुन्हा तसंच. असे पाच, दहा, वीस झटके ओळीने येतात आणि मधे किंवा शेवटी बाळ रडतं. घरात कोणी म्हणतं दचकतंय, कोणी म्हणतं पोटात वात धरलाय, ग्राइप वॉटर पाजलं जातं, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या जातात. दरम्यान बाळ हसणं कमी करतं, नजर देईनासं होतं, मान धरत होतं ती सोडतं. दचकणारं बाळ आवाजाने दचकतं आणि बहुधा एकदाच. ओळीने, ठराविक अंतराने येणारे झटके हे दचकणं नव्हे.

असं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा, आणि त्याच दिवशी बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ट्यूबरस स्क्लेरोसिसमधल्या या झटक्यांवर व्हिगाबॅट्रिन हे पहिल्या पसंतीचं औषध आहे. त्याचा दृष्टीच्या कडांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डोळ्यांची तपासणी जोडीने चालू ठेवतात. पण त्या भीतीने औषध लांबवू नका. उपचाराला होणारा उशीर मुलाच्या बुद्धीच्या वाढीला महागात पडतो, आणि यात आठवड्यांनीही फरक पडतो.

झटके दिसण्याची वाटही पाहायची नसते. २०२१ साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार, निदान झालेल्या पण झटके नसलेल्या बाळाचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, पहिल्या वर्षभर दर सहा आठवड्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर तीन महिन्यांनी करावा. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या एखाद्या गावातून हे वेळापत्रक पाळणं किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. दर वेळी शहर गाठणं शक्य नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि तुम्हाला झेपेल असं वेळापत्रक त्यांच्याकडून बांधून घ्या, जिल्ह्याच्या ठिकाणी ईईजी करून तो पाठवण्याची सोय विचारा. सगळं सोडून देण्यापेक्षा निम्मं पाळलेलं बरं. ईईजी बिघडला पण झटके नाहीत, अशा वेळी औषध लगेच सुरू करायचं की थांबायचं, यावर डॉक्टरांमध्ये दोन मतं आहेत. तुमचे डॉक्टर कोणत्या मताचे आणि का, हे विचारण्यात काही गैर नाही.

दुसरी खूण त्वचेवर असते. अंगावर फिकट पांढरे चट्टे, तीन किंवा त्याहून जास्त, प्रत्येक निदान ५ मिलिमीटरचा. आपल्याकडे त्यांना जंतांचे डाग किंवा कॅल्शियमची कमतरता म्हणतात, आणि कोणी कोड म्हणून घाबरवतं. गोऱ्या बाळाच्या अंगावर ते साध्या उजेडात दिसतही नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ विशिष्ट निळसर दिव्याखाली पाहतात. हृदयातल्या गाठीसोबत असे चट्टे असतील, तर निदानाला तेवढं पुरेसं असतं. पुढे शाळेच्या वयात नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर बारीक पुळ्या येतात. त्यांना मुरुमांचं मलम लावत बसू नका.

ट्यूबरस स्क्लेरोसिसचं निदान पक्कं असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर हे वेळापत्रक चिकटवून ठेवा:

- मेंदूचा एमआरआय: दर एक ते तीन वर्षांनी, वयाच्या पंचविशीपर्यंत
- मूत्रपिंडांसाठी पोटाचा एमआरआय: दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर, दरवर्षी रक्तदाब आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी
- ईसीजी: दर तीन ते पाच वर्षांनी, गाठी गेल्या तरी
- त्वचा आणि डोळे: दरवर्षी, दात: दर सहा महिन्यांनी
- बोलणं, वागणं, झोप, शाळेतली प्रगती: दरवर्षी विचारपूस आणि गरज वाटल्यास चाचणी

लहान मुलाला एमआरआयसाठी झोपवावं लागतं. मेंदूचा आणि पोटाचा एमआरआय एकाच भुलीत उरकता येईल का, हे आधी विचारा. भूलतज्ज्ञांना हृदयातल्या गाठीबद्दल आणि ठोक्यांबद्दल आवर्जून सांगा.

या आजाराची तीव्रता प्रत्येकात फार वेगळी असते. काही मुलांना कायमचा आधार लागतो. काही शिकून नोकरी करतात, संसार करतात आणि आपल्याला हा आजार आहे हे त्यांना स्वतःच्या बाळाच्या निदानानंतर कळतं. तेव्हा निदानाच्या दिवशीच मुलाचं सगळं भविष्य कोणी वाचून दाखवू लागलं, तर ते मनावर घेऊ नका.

जनुकीय तपासणी आणि पुढचं मूल

बाळाच्या रक्तातून टीएससी जनुकांची तपासणी होते. दोष सापडला तर निदान पक्कं. सापडला नाही म्हणून आजार नाही असं मात्र नसतं. खात्रीने आजार असलेल्या साधारण १० ते १५ टक्के रुग्णांमध्ये नेहमीच्या तपासणीत काही सापडत नाही.

सुमारे दोन-तृतीयांश मुलांत हा दोष नव्याने घडलेला असतो, आई-वडिलांकडून आलेला नसतो. गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. सुनेला बोल लावणाऱ्या नातेवाइकांना हे वाक्य वाचून दाखवा. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता निम्मी-निम्मी. दोघांनाही नसेल तरी ती एक-दोन टक्के राहते, कारण दोष फक्त बीजपेशींमध्ये दडलेला असू शकतो. पहिल्या बाळातला नेमका दोष माहीत असेल तरच पुढच्या गरोदरपणात साधारण अकराव्या आठवड्यानंतर वारेची किंवा सोळाव्याच्या सुमारास गर्भजलाची तपासणी उपयोगी पडते. म्हणून ही तपासणी पुढच्या गरोदरपणाच्या आधी उरकून घ्या.

गाठ लहान करणारं औषध

एव्हरोलिमस आणि सिरोलिमस ही औषधं टीएससी जनुकाच्या बिघाडावर थेट काम करतात. जीव धोक्यात असलेल्या आणि शस्त्रक्रिया अवघड असलेल्या बाळांमध्ये त्यांनी गाठ लवकर आकसते असा अनुभव नोंदला गेला आहे. पण हृदयातल्या गाठीसाठी त्यांना रीतसर मंजुरी नाही, आणि औषध थांबवल्यावर गाठ पुन्हा फुगू शकते. त्रास नसलेल्या बाळासाठी ‘लवकर विरावी’ म्हणून हट्टाने हे औषध मागू नका. सुरू केलंच असेल तर:

- रक्तातली पातळी, कोलेस्टेरॉल आणि रक्तपेशी ठरल्या वेळी तपासून घ्या
- तोंडात फोड, ताप, जुलाब लगेच कळवा. संसर्गाशी लढण्याची ताकद कमी झालेली असते
- गोवर-रुबेला, कांजिण्या, तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत लशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आशाताईंना औषधाची चिठ्ठी दाखवा
- बुरशीची आणि काही अँटिबायोटिक औषधं रक्तातली पातळी वाढवतात, फिटची काही औषधं ती घटवतात; औषधाच्या दुकानातून परस्पर काही आणू नका
- ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा

शस्त्रक्रिया झाली असेल तर

डिस्चार्जच्या दिवशी काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट सहसा आलेला नसतो, आणि घाईत तो आणायचा राहून जातो. तो मिळेपर्यंत पाठपुरावा करा. पुढची सगळी दिशा त्या एका कागदावर आहे.

छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर बाळाला काखेत धरून उचलू नका. एक हात मानेखाली आणि एक कुल्ल्यांखाली घालून उचला. मोठ्या मुलाला सायकल आणि दप्तर बंद. पहिल्या काही आठवड्यांत ताप, छातीत दुखणं, चिडचिड, श्वास लागणं असं झालं तर ते ‘हवा बदलली’ म्हणून सोडू नका, हृदयाभोवती पाणी साचलेलं असू शकतं. शस्त्रक्रियेत रक्त दिलं असेल तर गोवर-रुबेलाची लस काही महिने पुढे जाऊ शकते. बाकीचं लसीकरण चुकवायचं नाही. दात स्वच्छ ठेवा आणि दाताच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेबद्दल सांगा, दातांच्या उपचाराआधी अँटिबायोटिक लागेल की नाही ते हृदयतज्ज्ञ ठरवतील.

इतर गाठींची पुढची वाट

फायब्रोमा विरत नाही, म्हणून तिथे ‘थांबू या’ याचा अर्थ वेगळा. लक्षणं नसली तरी खालच्या कप्प्यातून जीवघेणी धडधड सुरू होऊ शकते. नियमित होल्टर, एमआरआय आणि अनुभवी शल्यचिकित्सकाचं मत, तिन्ही हवीत. काढता येणारी गाठ काढल्यावर बहुतेक मुलांचं पुढचं आयुष्य चांगलं जातं. तोपर्यंत स्पर्धात्मक खेळांना परवानगी हृदयतज्ज्ञांकडूनच घ्या, आणि घरातल्या दोघांनी तरी छाती दाबून हृदय सुरू ठेवण्याचं प्रशिक्षण घ्या. मुलाचं डोकं मोठं असेल किंवा घरात जबड्याच्या गाठी, त्वचेचा कॅन्सर झालेलं कोणी असेल, तर गॉर्लिन सिंड्रोमची तपासणी विचारा; त्यात क्ष-किरण आणि सीटी स्कॅन जपून वापरावे लागतात.

मिक्सोमा पूर्ण काढल्यावर सहसा पुन्हा होत नाही. पण लहान वयात झाली, एकापेक्षा जास्त होत्या, किंवा ओठांवर-पापण्यांवर काळपट ठिपके असतील तर कार्नी कॉम्प्लेक्सचा संशय घ्यावा लागतो. हा घराण्यात चालणारा आजार आहे. त्यात गाठ पुन्हा होण्याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून दरवर्षी इको, आणि आई-वडील व भावंडांचाही इको.

कॅन्सरच्या गाठींबद्दल खोटी आशा दाखवणं बरोबर नाही. हृदयातले सार्कोमा कठीण असतात, आणि लिम्फोमाला केमोथेरपीचा उपयोग त्याहून चांगला होतो. बालकर्करोगतज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञ एकत्र असलेलं केंद्र गाठा. मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय त्यांपैकी एक. केमोतली काही औषधं हृदय अशक्त करतात, म्हणून उपचार संपल्यावरही इको चालू राहतात. वेदना आणि श्वासाचा त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह उपचारांची मागणी पहिल्या दिवसापासून करता येते. ती केली म्हणजे उपचार थांबले असं नव्हे.

पोटात असतानाच कळलं असेल तर

गर्भाचा इको तज्ज्ञाकडून करून घ्या आणि पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी पाहत राहा. गाठ २० मिलिमीटरहून मोठी, ठोके अनियमित, किंवा बाळाच्या अंगात पाणी साचलेलं, या तीन गोष्टी असतील तर काळजी जास्त. नसतील तर बहुतेक बाळंतपणं नेहमीसारखी होतात. प्रसूती मात्र बालहृदयरोगतज्ज्ञ आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच ठरवा.

गर्भारपण पुढे न्यायचं की नाही, हा निर्णय तुमचा आहे. २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार २४ आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर दोष असल्याचं ठरवलं तरच गर्भपाताची परवानगी मिळते. त्याआधी बालमेंदूविकारतज्ज्ञांशी आणि जनुकतज्ज्ञांशी बोला. फक्त सोनोग्राफी करणाऱ्याच्या एका वाक्यावर कोणताही निर्णय घेऊ नका.

कागद, पैसा आणि तुमचे हक्क

- रेकॉर्ड: भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. इकोची सीडी किंवा चित्रफीतही मागा; दुसऱ्या मतासाठी नुसता रिपोर्ट पुरत नाही. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम: २०१३ पासून चालू, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. जन्मजात हृदयविकाराचं मूल अंगणवाडी किंवा शाळेच्या तपासणी पथकामार्फत पुढे पाठवलं जातं. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा, व्यायाम आणि विकासाचे उपचार विनामूल्य मिळतात. ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या मुलांना याचा फार उपयोग होतो.
- महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना: वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून तुमची शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते विचारा. मदत क्रमांक १५५३८८. ओपीडीतले इको, ईईजी आणि वर्षानुवर्षांची औषधं सहसा यात येत नाहीत, तो खर्च आधीच धरून चाला. गोव्यातल्या कुटुंबांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे.
- धर्मादाय रुग्णालयं: महाराष्ट्रात त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा.
- विनामूल्य शस्त्रक्रिया: खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या जन्मजात हृदयविकारांवर पैसे न घेता शस्त्रक्रिया होतात. गाठीची केस घेतात का, हे रिपोर्ट पाठवून आधी विचारा.
- विमा: ‘जनुकीय आजार’ एवढंच कारण देऊन दावा नाकारता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली तसा निकाल दिला आहे. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं. नोकरीच्या ठिकाणी समूह विमा असेल तर बाळाचं नाव जन्मानंतर लगेच घाला. तक्रार विमा लोकपालांकडे करता येते आणि तिला शुल्क नाही.
- दिव्यांग प्रमाणपत्र: स्वमग्नता किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर २०१६ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. त्यावर निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण घेता येतं, आणि त्यात ओपीडीचा काही खर्चही मिळतो.

शाळेला हृदयतज्ज्ञांचं एका पानाचं पत्र द्या: आजाराचं नाव, कोणते खेळ चालतील, काय झालं तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. काही शाळा अशा मुलाला प्रवेशच नको म्हणतात. कायद्यात त्याला जागा नाही, आणि गाठी विरलेल्या बहुतेक मुलांना इतरांसारखं खेळू द्यायलाही काही हरकत नसते.

आता एक विनंती. तुमचं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, त्याच्या हृदयात ऱ्हॅबडोमायोमा सापडला असेल आणि अजून एकदाही बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं नसेल, तर पुढच्या इकोच्या तारखेची वाट पाहू नका. या आठवड्यातच त्यांची वेळ घ्या आणि ईईजी कधी करायचा ते विचारा.